बुरुडाच्या लेकीचा खेळ

बांबूचं बन जिथे संपतं आणि नदी जिथे वळण घेते, तिथल्या एका गावात एक बुरूड राहत होता. टोपल्या, सुपं, परड्या, करंड्या तो विणायचाच, पण त्याचं नाव होतं ते कणग्यांसाठी. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी कोठी, आत माणूस उभा राहिला तर बाहेरून दिसणार नाही एवढी. ज्याच्या घरी ह्याची कणगी, त्याच्या घरचे उंदीर उपाशी, असं पंचक्रोशीत म्हणत.

त्याचं घर गावाबाहेर होतं. लोक कणगी न्यायला यायचे, अंगणात उभ्याउभ्या बोलायचे आणि निघून जायचे. देवळापुढच्या पारावर गावातली मोठी माणसं पान खात बसत, तिथे मात्र त्याला आजवर कुणी "ये, बैस" म्हटलं नव्हतं. त्याचं त्याला वाईट वाटायचं, पण ते तो कुणाला बोलून दाखवत नसे. बायकोलासुद्धा नाही.

त्याला एकच लेक. नवसासायासाने, उशिरा झालेली, म्हणून तिचं नाव हौसा. आपल्यामागे कणगी विणणारा हात हिचाच असेल, हे त्याने ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं.

हौसा चालायला लागली तशी बापाच्या पायाशी खेळू लागली. बुरुडाच्या घरात खेळणी विकत आणावी लागत नाहीत. कामट्या तासताना उरलेले तुकडे, सालपटं, वाकडी निघालेली टोकं यांचा ढीग पडलेलाच असतो. हौसा त्यातले तुकडे वेचायची आणि त्यांची लग्नं लावायची. एक नवरा, एक नवरी. पुन्हा एक नवरा, एक नवरी. अशा जोड्या लावत जायची आणि शेवटी एखादा तुकडा एकटाच उरला की ती करवली. करवली निघाली की हौसा खूश, कारण मग तिला नटवता यायचं, रुसवता यायचं, तिची समजूत काढता यायची. कुणीच उरलं नाही तर ती हिरमुसायची. "असलं कसलं लगीन," म्हणायची आणि सगळी वऱ्हाडी मंडळी परत ढिगात लोटून द्यायची.

तिचे असे आणखी पुष्कळ उद्योग होते. जांभळं वाटायची तर एक आईला, एक आबाला, एक मला, एक कावळ्याला, असं करत ती फेऱ्यावर फेरे घ्यायची आणि कावळ्याचा वाटा शेवटी स्वतः खाऊन टाकायची. बापाने विणलेल्या परड्या एकीच्या पोटात एक घालायची. सगळ्यात मोठी सासू, तिच्यात सून, सुनेच्या पोटात नात. कुठली परडी कुठल्या परडीत मावेल हे ती घालून बघायच्या आधीच सांगायची, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. आता हे सगळं गणितच होतं, पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपण खेळतो आहोत असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ती खेळतच होती.

एकदा सकाळी एक गिऱ्हाईक टोपलीसाठी येऊन बसलं. गिऱ्हाईक होतं बोलकं. त्याच्या भावकीतली भांडणं ऐकता ऐकता बुरुडाने टोपलीचा तळ मांडायला घेतला.

टोपलीचा तळ मांडतात तो असा. लांब कामट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून चांदणी करायची, आणि एक पातळ पट्टी त्यांच्यातून गोल फिरवायची. एका टोकावरून, पुढच्याच्या खालून, असं करत फेरा पुरा करायचा. दुसऱ्या फेऱ्यात सगळं उलट व्हावं लागतं. आधी जिथे पट्टी वरून गेली तिथे आता खालून गेली पाहिजे, तरच वीण घट्ट बसते. हे आपोआप होतं, पण एका अटीवर. कामट्यांच्या टोकांच्या दोनदोनच्या जोड्या लावल्या तर शेवटी एक टोक एकटं उरलं पाहिजे. म्हणून बुरूड एक टोक उभं चिरून त्याची दोन करतात. ते चिरायचं राहिलं तर पट्टी प्रत्येक फेऱ्याला त्याच टोकावरून जाते आणि सगळी वीण हातात येते.

त्या दिवशी गप्पांच्या नादात बुरूड ते टोक चिरायलाच विसरला. हौसा शेजारी बसली होती. तिने बोट पुढे केलं आणि एकेका टोकाला लावत गोल फिरवलं. नवरा, नवरी, नवरा, नवरी. फेरा संपला तशी तिने तोंड वाकडं केलं.

"आबा, ह्या लग्नात करवलीच न्हाई," ती म्हणाली.

बाप हसला. मग त्याने खाली पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. त्याने चाकू घेतला, एक टोक चिरलं आणि लेकीकडे बघतच राहिला.

"केवढी पोर ही?" गिऱ्हाईक म्हणालं. "धा आकड्यांपातुर तरी येतंय का मोजायला?"

येत नव्हतं. पाचाच्या पुढे गेली की हौसा सात, नऊ, पाच अशी कुठेही भटकायची. पण बापाने जन्मभर हाताळलेली गोष्ट तिने बोटाने ओळखली होती. आनंदाने त्याचे डोळे भरून आले.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी म्हण आहे. दिसल्यावर बापाने काय करावं, हे मात्र त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

गिऱ्हाईक बोलकं होतंच, त्याने ही गोष्ट गावभर केली. "बुरुडाची पोर जन्मजात गणिती हाय," असं लोक म्हणू लागले. त्या गावात एक रीत होती. पाडव्याला पाटीपूजन झालं की देवळाच्या ओट्यावर मुलांनी पाढे म्हणायचे. ज्याचे पाढे न अडखळता होतील त्याला नारळ, आणि त्याच्या बापाला पारावर बसवून पानाचा विडा. लेकरांच्या कौतुकाचा दिवस, पण मिशांना पीळ बापांच्या पडायचा. बुरुडाने ही गंमत वर्षानुवर्षं लांबून पाहिली होती. आता त्याच्या मनात एक विचार आला, आणि आला तो ठाण मांडून बसला.

तो गावातल्या पंतोजींकडे गेला. पंतोजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पोर हुशार आहे तुझी," ते म्हणाले. "पण अजून फार लहान आहे रे. दोन पाडवे जाऊ देत. तोवर तिचं जे चाललंय ते चालू दे. पाढे काही पळून जात नाहीत."

सल्ला सोन्यासारखा होता. पण ज्या माणसाला कायम अंगणातून परत पाठवलं आहे, त्याला कुणी "थांब" म्हटलं की "नको येऊस" असंच ऐकू येतं. बुरुडाला वाटलं, आपलं घर गावाबाहेर, म्हणून हा आपल्याला टोलवतो आहे. तो उठला. घरी येईपर्यंत त्याने ठरवलं होतं की आपल्या लेकीला आपणच शिकवायचं.

आता गंमत अशी, की स्वतः बुरुडाला एकही पाढा येत नव्हता. त्याच्या बापाने त्याला अर्धवट विणलेल्या कणगीत उभं केलं होतं आणि बाहेरून कामट्यांच्या फटींतून त्याच्याशी लपंडाव खेळत खेळत सगळं काम दाखवलं होतं. त्याच्या हातून कणगीत एक कामटी जास्त किंवा कमी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण जे आपल्याला हसतखेळत आलं, ते त्याला ज्ञान वाटतच नव्हतं. ज्ञान म्हणजे डोळे मिटून, मान हलवत, घसा कोरडा करून पाठ करायची वस्तू, अशी त्याची समजूत होती.

मग तो शाळेच्या भिंतीबाहेर टोपल्या विणायला बसू लागला. आत पोरं घोकायची आणि बाहेर हा पुटपुटायचा. येणारेजाणारे हसायचे. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही, कारण तो हे लेकीसाठी करत होता. त्याच्या मायेत खोट नव्हती, एवढं मात्र आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

पाढे पाठ झाल्यावर त्याने एका संध्याकाळी दिवा लावला, तुकड्यांचा ढीग उचलून चुलीपाशी नेला आणि हौसाला समोर बसवलं.

"आबा, माझी वऱ्हाडं," हौसा म्हणाली.

"आदी पाढं, मग वऱ्हाडं," बाप म्हणाला. "म्हण. बे एके बे."

"बे एके बे."

"बे दुणे चार."

"बे दुणे चार." हौसा थांबली. तिचे डोळे चमकले. "म्हंजी दोन लग्नं?"

"पुढं म्हण. बे त्रिक सहा."

"बे त्रिक सहा. तीन लग्नं." ती गुडघ्यांवर उठून बसली. "आबा, ह्या पाढ्यात करवली कवाच येत न्हाई का वो?"

दोनाच्या पाढ्यात एकटं कुणी उरत नाही, हे त्या चिमुरडीने तिसऱ्या पायरीवरच हेरलं होतं. मोठमोठ्यांना जे शिकवून कळत नाही, ते तिच्या ओठांवर येऊन उभं होतं. तिच्यासोबत चार लग्नं लावून बघायची, एवढंच बापाला करायचं होतं.

"मधी बोलू नगं," बाप म्हणाला. "इसरशील. बे चोक?"

हौसा खाली बसली.

"बे चोक आठ," ती म्हणाली.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला पाढ्यांचा परवचा सुरू झाला. ढीग चुलीत जाऊ लागला. हौसाने सुरुवातीला आणखी दोन-चार वेळा मध्ये काहीतरी विचारलं, मग विचारायचं बंद केलं. बाप खूश झाला. त्याला वाटलं, आता पोरीचं चित्त लागलं.

आईला तसं वाटत नव्हतं.

"अवो, खेळू द्या की तिला," ती एकदा म्हणाली. "आदी पोरगी हसत मोजायची. आता मोजताना तुमच्या तोंडाकडं बघती."

"शिकताना थोडं लागतंच," बुरूड म्हणाला.

"लागतंय कुनाला, ते बघा," आई म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

पाडवा आला. हौसा नवं परकर-पोलकं घालून ओट्यावर उभी राहिली. सगळ्यांत लहान तीच. तिने हाताची घडी घातली आणि पाढे म्हटले, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटलांनी नारळ दिला. आणि मग, ज्याची त्या माणसाने इतकी वर्षं वाट पाहिली होती ते घडलं. पारावरचा एक म्हातारा सरकून बसला आणि म्हणाला, "ये रे, बैस."

बुरूड पारावर बसला. त्याने पान खाल्लं. त्या पानाची चव त्याला कितीतरी दिवस पुरली.

घरी परतताना हौसाने त्याचं बोट धरलं.

"आबा, आता झालं न्हवं?" ती म्हणाली. "आता मोजायचं न्हाई ना?"

तो हसला. त्याला ते बोलणं लाडिक वाटलं. "येडे, आता तर सुरुवात हाय. पुढल्या पाडव्याला पावकी-निमकी म्हणायची, पाव-अर्ध्याचं पाढं. पंतोजींच्या पोरांस्नीबी येत न्हाई."

हौसाने धरलेलं बोट सोडलं नाही. ती नुसती चालत राहिली.

ते वर्ष मग कसं गेलं विचारू नका. कुणी दारात आलं की बाप म्हणायचा, "म्हणून दाव गं," आणि हौसा सुपामागे लपायची. दिवेलागणीला तिचं पोट दुखू लागलं. पोट खरंच दुखायचं, सोंग नव्हतं. आईने ओवा चारला, दृष्ट काढली. दुखणं परवचा संपला की थांबायचं. हे सगळ्यांना दिसत होतं. बापालाही दिसत होतं. पण पुढचा पाडवा जवळ आला होता, आणि पारावरच्या माणसांनी आताशा त्याला वाटेत थांबवून विचारायला सुरुवात केली होती, "काय मग, यंदा काय म्हणणार पोर?"

दुसऱ्या पाडव्याला हौसा निमकी म्हणता म्हणता मध्येच थांबली. पुढचं आठवेना. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथेच थांबली. गर्दीतलं कुणीतरी हसलं, पण वाईटपणाने नव्हे. पंतोजी म्हणाले, "असू दे बाळ, बस खाली, छान म्हटलंस." पाटलांनी नारळ दुसऱ्या मुलाला दिला, पण हौसाच्या हातावर खडीसाखर ठेवली. लोक काही दुष्ट नव्हते.

पण हौसाचं लोकांकडे लक्षच नव्हतं. ती बापाकडे बघत होती. आणि बापाचं तोंड उतरलं होतं. तो तिला रागावला नाही. वाटेत एक शब्दही बोलला नाही. फक्त रोज तिच्या पावलाने चालणारा तो माणूस त्या दिवशी चार पावलं पुढे चालला. त्याला वाटलं, आपण गप्प राहून पोरीला सांभाळून घेतलं. मारलं असतं तर ती रडून मोकळी तरी झाली असती.

त्यानंतर त्याने परवचा बंद केला. "जाऊ दे," म्हणाला. ढीग चुलीत नेणंही सोडून दिलं. तुकडे पुन्हा अंगणात पडू लागले. आईला आशा वाटली. पण एका सकाळी हौसाने स्वतःच झाडू घेतला, सगळे तुकडे गोळा केले आणि चुलीपाशी नेऊन ठेवले. शेजारीण म्हणाली, "शहाणी झाली गं तुझी लेक." लेक अजून एवढीशीच होती, तिचे दुधाचे दातही पडायचे होते.

वर्षं गेली. हौसा मोठी झाली. कामाला वाघ होती. बांबू निवडायचा तिने, चिरायचा तिने, तिच्या हातच्या पट्ट्या अशा गुळगुळीत की कुणाच्या बोटात कुसळ जायचं नाही. सुपं, चटया उत्तम विणायची. टोपलीही विणायची, कारण टोपलीचा नियम ठरलेला असतो. एक टोक चिरायचं की झालं. लग्न होऊन ती जवळच्याच वाडीत गेली, पण दिवसभर काम करायला माहेरच्या अंगणातच यायची. लेक डोळ्यांसमोर होती, बाप सुखी होता.

मात्र कणगीला ती हात लावत नसे. "ते तुमचं काम, आबा," म्हणायची आणि दुसरीकडे वळायची.

कणगीचं काम वेगळंच असतं. ती खाली निमुळती, मध्ये पोट सुटलेली आणि वर पुन्हा आवळलेली. जिथे पोट सुटू लागतं, तिथे उभ्या कामट्यांच्या मधेमधे नव्या कामट्या भराव्या लागतात. किती भरायच्या, कुठे भरायच्या, याला ठरीव आकडा नाही. घरचं धान्य जेवढं तेवढी कणगी, आणि प्रत्येक बांबूची कामटी निराळी. विणणाऱ्याने एक नजर फिरवायची, मनात जोड्या लावायच्या, फटी सारख्या राखायच्या आणि भरत जायचं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक दंडक होता. कणगीचं पोट भरताना विणणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. त्याच्या डोळ्याला त्याचं काम करू द्यायचं.

एका वर्षी पीक उदंड आलं आणि पाटलांच्या घरून मोठ्या कणगीचं काम आलं. बुरूड तोवर म्हातारा झाला होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, जवळची कामटीसुद्धा धूसर दिसायची. त्याने हौसाला बोलावलं.

"औंदा तू विण," तो म्हणाला. "मी बसतो शेजारी. बोलणार न्हाई."

हौसाने नाही म्हटलं नाही. बापाला तिने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तिने तळ मांडला, कामट्या उभ्या केल्या, वीण चढवली. पोटापर्यंत कणगी झकास आली. तिथे तिचा हात थांबला.

म्हातारा दंडकाप्रमाणे गप्प बसला. मग हौसाचा आवाज आला. ती दबक्या आवाजात एकेक कामटी मोजत होती. मधेच अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अडली.

"आबा, हितं किती भरू?" ती म्हणाली.

"बघ आणि भर."

"पर किती?"

"आकडा नसतोय गं त्याला. तुजा डोळा सांगंल."

"माजा डोळा न्हाई सांगत, आबा. तुमी सांगा."

"चुकलं तर चुकू दे," म्हातारा म्हणाला. "उसवू आणि परत भरू. कोन बगतंय आपल्याला?"

"नगं, आबा. तुमीच सांगा."

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याला कणगी दिसत नव्हती, पण समोर उभ्या लेकीच्या चेहऱ्याचा गोरा ठिपका दिसत होता. तो ठिपका कणगीकडे वळलेला नव्हता. तो त्याच्याकडे वळलेला होता. समोर कामट्या असताना, हातात कामट्या असताना, ती बाई बापाच्या तोंडावर उत्तर शोधत होती. त्या क्षणी म्हाताऱ्याला सगळं कळलं. पंतोजी त्याला का थांब म्हणाले, बायको काय सांगत होती, आणि दिव्यापाशी बसलेल्या एका लहान मुलीला "मधी बोलू नगं" म्हणताना आपण काय केलं, ते सगळं कळलं. कळून आता उपयोग नव्हता.

तो उठला. कणगीभोवती चाचपडत फिरला, बोटांनी फटी मापल्या आणि आकडा सांगितला. हौसाने निमूट तेवढ्याच कामट्या भरल्या. पुढच्या वळणावर त्याने पुन्हा आकडा सांगितला, तिने पुन्हा भरल्या. कणगी सुरेख झाली. पाटलांची माणसं येऊन घेऊन गेली, जाताना म्हणाली, "लेकीनं बापाचं नाव राखलं." म्हाताऱ्याने मान खाली घातली.

माणसं गेल्यावर त्याने हौसाला जवळ बसवलं.

"पोरी, तू एवढीशी व्हतीस," तो म्हणाला. "तुला धापातुर मोजाया येत नव्हतं, आणि माजी चूक तू नुसतं बोट फिरवून धरलीस. माज्या बापालाबी तसं जमलं नसतं. तुजं डोकं लई मोठं व्हतं, पोरी. ते मी मोडलं."

हौसा हसली. तिला ते काहीच आठवत नव्हतं. तिला वाटलं, आबा आपली समजूत काढत आहेत.

"लेकराचं कवतिक समद्याच बापास्नी असतंय," ती म्हणाली. "तुमी काय मोडलं, आबा? तुमी तर किती जीव टाकला माज्यापायी. रोज दिवा लावून घेऊन बसायचा. माजंच डोकं न्हाई हिसाबाचं, त्याला तुमी काय करनार?"

"तसं न्हाई गं," म्हातारा म्हणाला. "आईला इचार तुज्या."

हौसाने आईकडे पाहिलं. म्हातारी सूप पाखडत होती. तिने नुसती मान हलवली. पण आईनेही आपली बाजू घेतली, यात हौसाला काही नवल वाटलं नाही. तिने बापाच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला पाणी दिलं आणि अंधार पडायच्या आत घरी जायला निघाली.

म्हातारा त्यानंतर दोन पावसाळे जगला. तेवढ्या काळात त्याने लेकीला ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. प्रत्येक वेळी ती प्रेमाने ऐकायची आणि प्रत्येक वेळी हसण्यावारी न्यायची. पाढे तो तिच्याकडून पाठ करून घेऊ शकला होता. हे मात्र तो तिला पटवू शकला नाही.

तो गेला, मागोमाग म्हातारी गेली. हौसाने माहेरचं अंगण चालू ठेवलं. तिथे अजून सुपं मिळतात, टोपल्या मिळतात, चटया तर फार नामी मिळतात. कणग्या लोक आता नदीपलीकडच्या गावातून आणतात. एखादं जुनं गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "हौसाबाई, तुमच्या घरची कणगी का बंद केली वो?"

हौसाबाई हातातलं काम न थांबवता हसते. तिच्या हसण्यात कडवटपणा नसतो.

"आबांनी लई शिकवलं," ती म्हणते. "पर माजं डोकंच न्हाई त्या कामाचं."

आणि ते खरं नाही, हे तिला सांगेल असं आता कुणी राहिलेलं नाही.

तात्पर्य: लेकरू खेळता खेळता मोजू लागलं की त्याच्याशेजारी बसून त्याच्या खेळात रमावं, त्याचा खेळ उचलून आपली हौस मांडू नये. पाढा उशिरा आला तरी येतो. पण "मला जमतं" हा लेकराचा विश्वास एकदा मोडला, तर ज्याने मोडला त्यालाही तो पुन्हा जोडता येत नाही.